चावीकाकूंचा एक दिवस

चावीकाकू दिसण्याआधी त्यांची पर्स ऐकू येई. नेरूळच्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सहा घरे. त्यांतल्या उरलेल्या पाचही घरांच्या जादा चाव्या काकूंच्या एका जुडग्यात असत. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाच्या लोकरीची गाठ. कोणती कोणाची, हे त्या न पाहता सांगत. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, पण इतकी चोख वर्गवारी मला कधी साधली नाही.

चाव्या त्यांच्याकडेच का, याचे उत्तर सोपे होते. त्या नेहमी घरी असत. काका पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यापासून अकरा वर्षे काकू जवळच्याच शिरवणे गावच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. जाऊन येऊन चाळीस मिनिटे. त्याहून उशीर झाला की काका पलंगाच्या दांड्यावर चमचा आपटू लागत. “काकू काय, घरीच असतात,” असे आम्ही सारे म्हणत असू आणि त्याला कौतुक समजत असू.

नातवंडांना मुक्त प्राणिसंग्रहालय दाखवायचे ठरले, तेव्हा मी काकूंनाही आग्रह केला. त्यांची मुलगी एका दिवसासाठी पुण्याहून काकांजवळ बसायला आली.

“तिची सहाची गाडी आहे, बाई. साडेपाचला मी दारात पाहिजे,” काकू म्हणाल्या. “उशीर झाला तर पुन्हा यायची नाही ती.”

हरणे पाहून झाली. मग जाळीच्या बसमधून आम्ही सिंहांच्या कुंपणात शिरलो आणि बरोबर मध्यावर बस बंद पडली. दुपारचे दोन वाजले होते.

“दार कोणी उघडायचं नाय,” ड्रायव्हरने बजावले. “दुसरी गाडी येते, पण ह्या दोघी हलल्याशिवाय जवळ लागणार नाय.”

ह्या दोघी म्हणजे सिंहिणी. सावली पाहून त्या आमच्याच चाकांशी पसरल्या होत्या. एक तास गेला. धाकट्या नातवाला लघवी लागली, सुनेने पाण्याची रिकामी बाटली पुढे केली, तशी थोरली नात म्हणाली, “मी याला ओळखत नाही.” काकू सारख्या घड्याळ पाहत होत्या.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेजारची सून बोलत होती. तिचे दार ओढले गेले होते आणि ती तान्ह्या बाळासह जिन्यात उभी होती.

काकूंनी पर्समध्ये हात घातला. सवयीने जुडगा सोबत आला होता.

“चावी माझ्याकडेच आहे गं,” त्या म्हणाल्या, “आणि मी सिंहांत आहे.”

“कधी येताय?”

“ते सिंहीण सांगेल.”

फोन ठेवून काकू हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लगेच मुलीचा फोन आला, तर त्यांनी तो बंदच केला.

“अकरा वर्षांत पहिल्यांदा, बाई. कोणी कितीही हाका मारल्या तरी मला उठता येत नाही.” मग हळू आवाजात: “चमचा मात्र ऐकू येतोय.”

आम्ही सव्वासातला परतलो. शेजारची सून बाळाला मांडीवर घेऊन काकूंच्याच घरी बसली होती. मुलीची गाडी चुकली होती. काकांजवळ बसायला ती पुन्हा आली नाही. नंतर मी दोनदा काकूंना बाहेर चलण्याविषयी विचारले. दोन्ही वेळा त्यांनी एवढेच विचारले, “सिंहीण हलली का?”

गेल्या वर्षी काका गेले. महिन्याभरात मुलीने काकूंना पुण्याला बोलावले.

“आता तरी मोकळ्या झालात,” मी म्हणाले.

“नात तीन महिन्यांची आहे,” काकू म्हणाल्या. “लेकीला घरी कोणीतरी लागतं.”

निघताना त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला. “तुम्ही आता रिटायर झालात. घरीच असता ना, बाई?”

मी हो म्हटले. पाच रंगांच्या गाठी मी एका दिवसात पाठ केल्या.

गेल्या रविवारी मुलगा म्हणाला, “आई, अलिबागला जाऊन येऊ.”

“साडेपाचपर्यंत परत येऊ ना?” मी विचारले.