सगळं ताईला

बापू कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हा खिडकीपाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. लग्न केलं नव्हतं. वरच्या मजल्यावर त्याची विधवा ताई राहायची.

ओळखीतला एकजण वारला, तरी त्याच्या ऑनलाइन खात्यावर लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा देत राहिले. ते बघून बापूने आपल्या खात्याची सोय लावून टाकली. सहा महिने ते उघडलं गेलं नाही, तर आतलं ताईला मिळावं. काय काय द्यायचं, असंही तिथे विचारलं होतं: फोटो, मेल, गप्पा. कोण एकेक बघत बसणार? त्याने ‘सगळं’वर बोट टेकवलं आणि जेवायला उठला.

पुढे त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. ताईने त्याला वर आपल्याकडे आणलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सारं तीच करायची, आणि दिवसभर तोंड चालू. फोनचं कुलूप तिला उघडता येत नव्हतं, पण चार्ज करून उशाशी ठेवायची.

एका दुपारी पडद्यावर सूचना झळकली. खातं बरेच दिवस उघडलेलं नाही, लवकरच ठरलेल्या व्यक्तीकडे जाईल.

बापूने ती दोनदा वाचली. जुन्या मित्राशी वर्षानुवर्षं मारलेल्या गप्पा त्यात होत्या. ताईला दोघांनी ‘भोंगा’ नाव ठेवलं होतं. तिची भाजी, तिचं रडणं, कशाकशाची म्हणून टिंगल सोडली नव्हती. भाऊजी गेले तेव्हा बापूने लिहिलं होतं, ‘सुटले बिचारे.’

त्याने डावा हात फोनकडे सरकवला. ताईने चष्म्याशिवायच पडदा पाहिला.

“जाहिरात आहे रे,” म्हणाली आणि वायर नीट खोचून गेली.

सूचना येत राहिली. मग यायची थांबली.

त्यानंतर ताईचं बोलणं बंद झालं. दूध वेळेवर, चादर स्वच्छ, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या सकाळी तिने खुर्ची पलंगाशी ओढली आणि आपल्या फोनवर आलेल्या त्या गप्पा त्याच्यासमोर धरल्या.

“हे मी वाचावं असं तुला वाटत होतं? हो असेल तर डोळे मिट.”

पाणी येईपर्यंत त्याने डोळे सताड उघडे ठेवले. तिने ते पुसले. तेवढ्यात शेजारीण चौकशीला आली. तो आता कुणाला भेटत नाही, असं ताईने तिला दारातूनच सांगितलं आणि कडी लावली.

मग ती वाटी घेऊन आली. चमचा त्याच्या ओठांपाशी थांबला.

“उघड,” ती म्हणाली.

बापूने तिचा चेहरा निरखून पाहिला. त्यावर राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. त्याने तोंड उघडलं.