खाजकुहिलीची पिशवी

ओल्या शेणाचा वास आला की मला गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घरची ती दुपार आठवते. शेंगवर्गीय वेलींवरचं माझं संशोधन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. दरेकशाच्या जंगलातून मी खाजकुहिलीच्या शेंगा घेऊन आले, आणि गोंदिया स्टेशनवर बाबांनी माझं न ऐकता पिशवी खांद्यावर टाकली. शेंगांची लव लागून घरी पोचेपर्यंत त्यांची मान लालभडक झाली. खाज उतरावी म्हणून आईनं मानेला, खांद्यांना शेण फासलं. बाबा तसेच उघड्या अंगानं दारात जाऊन बसले. शेजारच्या काकांनी विचारलं, "हे काऊन जी?" बाबा ताठ होऊन म्हणाले, "पोरगी शेंगांची डॉक्टर होऊन राहिली, तिचं सामान आणलं न मी!" पुढे माझ्या खांद्यांवर सत्काराच्या बऱ्याच शाली पडल्या, पण बाबांच्या खांद्यावरच्या त्या शेणाचा रुबाब एकाही शालीला आला नाही.