पोत्याखालची पाटी

कुसगावच्या फाट्यावर, हमरस्ता सोडून आत वळायच्या जागी, कैलास ढोरेनं एक पाटी लावली होती. पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात वीतभर अक्षर: ‘या!’ खाली बारीक अक्षरांत ‘घरगुती निवास व न्याहारी’ आणि एक बाण. पेंटर म्हणाला होता, “भाऊ, नाव टाका, फोन नंबर टाका.” कैलास म्हणाला, “नाव काय, आत आल्यावर कळंल. आदी आत तर येऊंदे.”

माणूस तसाच होता. ऐन उमेदीत खंडाळ्याला एका शेटच्या बंगल्यावर ड्रायव्हर होता. पाहुणे कसे उतरवून घ्यायचे ते तिथं शिकला, आणि जरा जास्तच शिकला. पुढं स्वतःच्या घरामागं चार खोल्या काढल्या तेव्हा गाडीचा आवाज आला रे आला की हा फाटकाशी हजर. बॅग हातात घेईपर्यंत पाहुण्याचं गाव, नोकरी आणि गुडघेदुखी विचारून व्हायची. मग नागफणीचा सुळका दाखवून एक गोष्ट. ती दर शनिवारी वेगळी असायची. एका शनिवारी सुळक्यात राजाचा खजिना, तर पुढच्या शनिवारी तिथंच एका साधूची समाधी. बायको राजेश्वरी आत थालीपिठं लावता लावता मनात म्हणायची, मागल्या आठवड्यातला खजिना कुठं गेला? पण बाहेर येऊन बोलणं हे तिचं खातं नव्हतं. होमस्टे चालतो तो कैलासच्या जिभेवर, यावर गावाचं एकमत होतं. थालीपिठांचं नाव कुणी घेत नसे. ती पाहुण्यांच्या पोटात गेलेली असत, पुराव्याला मागं उरत नसत.

ऑगस्टच्या बारा तारखेला कैलास दुपारी जेवला, भिंतीला टेकला, आणि तसाच गेला. बोलका माणूस, पण जाताना एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ हौशीराम अंगणात उभा राहिला. रीतिभातींच्या बाबतीत गावात हौशीरामचा शब्द शेवटचा.

“मयताच्या घरी आल्या मानसाला ‘या’ म्हनत न्हाईत. जानारा ‘येतो’ म्हनत न्हाई. आन् हितं फाट्यावर एवडं मोठं लिवलंय! तेरा दिस जाईस्तवर झाका ती पाटी.”

शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या, “आवो भाऊ, पत्र्याची पाटी ती. तिला कसलं आलंय सुतक?”

“पाटी कुनाची? कैलासची ना? मग?”

पुढं वादाला जागा नव्हती. हौशीरामनं स्वतः युरियाचं रिकामं पोतं नेऊन पाटीला चढवलं आणि सुतळीनं तीन ठिकाणी आवळलं.

राजेश्वरी ओसरीवर बसून होती. कानात पाणी गेल्यावर लांबून ऐकू येतं, तसं तिला सगळं ऐकू येत होतं. रडू येत नव्हतं. भेटायला आलेल्या बायका तिच्या रडण्याची वाट बघून बघून शेवटी आपापलं रडून घेत आणि उठत.

आता झालं होतं असं, की होमस्टेची सगळी बुकिंगं कैलासच्या फोनमध्ये होती आणि फोन उघडायची खूण कैलासच्या बोटातच राहिली होती. मुलगी समीक्षा पुण्याहून आली, तिनं वीस वेळा रेघोट्या मारून पाहिल्या. फोन काही उघडला नाही. त्यामुळं चौदा तारखेला, सकाळी सावडून आले त्याच संध्याकाळी, दारात एक पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून ठाण्याचे माधवराव आणि त्यांच्या पत्नी वासंती उतरले. दोघंही साठीपुढचे. पाटी न दिसल्यामुळं फाट्यावरून तीनदा पुढं जाऊन मागं आलेले. अंगणात ताडपत्री, लाल खुर्च्या आणि बरीच माणसं पाहून माधवराव खुशीत हौशीरामला म्हणाले, “वा! काही कार्यक्रम दिसतोय?”

“माजा भाऊ गेला,” हौशीराम म्हणाला.

माधवरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वासंतीबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. “चला, निघू या आपण.” पण निघणार कुठं? स्वातंत्र्यदिनाची जोडून सुट्टी. लोणावळा, वलवण, खंडाळा, सगळं भरलेलं, आणि घाटात गाड्यांची रांग. वर पाऊस. हौशीरामची पंचाईत आणखी मोठी. ‘या’ म्हणता येईना, आणि म्हाताऱ्या माणसांना पावसात ‘जा’ही म्हणवेना. तो नुसता टोपी काढून घालत राहिला.

तेव्हा राजेश्वरी उठली. तीन दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठली. खिळ्यावरची दोन नंबरच्या खोलीची किल्ली काढून तिनं वासंतीबाईंच्या हातात दिली. दोन कोरडे टॉवेल दिले.

“पन त्यांनी खायाचं काय?” हौशीरामला नवा घोर पडला. “सुतकातलं अन्न चालत न्हाई बाहेरच्याला.”

“पिठलं-भाकर माज्या घरची हाय,” नंदाबाई म्हणाल्या. “तीन दिस मीच आनतीय न्हवं?”

“भाकर चालंल. पन च्या?”

“च्या बी आनते. किटलीतून, कुंपनावरनं. झालं समाधान?”

असे ते दोघे दोन दिवस राहिले. सकाळी कुंपणावरून किटली यायची, राजेश्वरी ती त्यांच्या दाराशी ठेवायची आणि परत ओसरीवर जाऊन बसायची. रविवारी निघताना वासंतीबाईंच्या तोंडून ‘ये’ एवढं अक्षर निघालं, तेवढ्यात त्यांनी ओठ मिटले. राजेश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसल्या.

तेरावा झाला. पाहुणेरावळे पांगले. पोतं मात्र तसंच. कारण झाकायचं कसं हे हौशीरामला माहीत होतं, पण तेरा दिवस सरल्यावर काढायचं कुणी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, “पोत्याबद्दल शास्त्रात काही नाही.” समीक्षानं लोणावळ्यातल्या दुकानातून फोन उघडून आणला आणि येणाऱ्यांना कळवायला सुरुवात केली: ‘फाट्यावर खताचं पोतं बांधलेली पाटी दिसेल, तिथं डावीकडे वळा.’ पहिल्या पाटीला चुकणारे लोक पोत्याला चुकेनात. मुंबईच्या पोरी तर पोत्याला खेटून फोटो काढायला लागल्या.

राजेश्वरी पाचला उठायची. पाणी तापवायचं, चटणी वाटायची, थालीपिठाचं पीठ मळायचं. गाडी आली की बाहेर जाऊन किल्ली द्यायची. ‘या’ काही तोंडातून निघत नसे. ठरवून नव्हे, निघतच नसे. कैलासचे जुने पाहुणे आले की विचारायचे, “कैलासभाऊ कुठायत?” ती म्हणायची, “न्हाईत.” मग ते रडवेले व्हायचे आणि चहाचा ट्रे हातात धरून तिलाच त्यांची समजूत घालत उभं राहावं लागायचं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा समीक्षानं फोनवर आलेले अभिप्राय वाचून दाखवले. वासंतीबाईंनी लिहिलं होतं, ‘इथे कुणी प्रश्न विचारत नाही. खूप वर्षांनी झोप लागली.’ त्याखाली इतरांचंही तसंच. घर शांत आहे. मालकीण त्रास देत नाहीत. न्याहारी उत्तम.

“आई, चारी खोल्या दिवाळी सरेपर्यंत भरल्यात. बाबा असताना बी एवढ्या भरल्या नव्हत्या.”

राजेश्वरीनं ऐकलं. पंधरा वर्षं माणूस बोलत होता, आणि लोकांना झोप हवी होती. एवढं तिच्या ध्यानात आलं, त्याचं पुढं काय करायचं ते कळलं नाही. तव्यावरचं थालीपीठ खालून जळालं. तिनं ते स्वतःच्या ताटात घेतलं.

पण हौशीरामच्या डोक्यात हिशेब वेगळा होता. एकटी बाई, परकी माणसं घरात, उद्या काय झालं तर गाव कुणाला बोल लावणार? त्यानं लोणावळ्याचा धवल नावाचा एजंट गाठला. धवल अशी घरं पाच-पाच वर्षांच्या करारानं घ्यायचा, पोहण्याचा हौद खणायचा, ‘व्हिला’ म्हणून चालवायचा. जागेवर राजेश्वरीचं नाव लागलेलं, म्हणून तिची सही हवी. सही झाली की चार खोल्या त्याच्या, आणि ती हौशीरामच्या घरी मागल्या खोलीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी दोघे कागद घेऊन आले.

“काकू, तुम्ही खूप केलंत,” धवल म्हणाला. माणूस गोड होता, हातात महागडं पेन होतं. “आता आराम करा. सगळं आमची माणसं बघतील.”

“सही कर, राजेश्वरी,” हौशीराम म्हणाला. “तुज्या भल्याचंच हाय.”

तिनं पेन घेतलं. खरं सांगायचं तर तिला ना राग आला होता, ना वाईट वाटत होतं. घर राहिलं काय, गेलं काय, आतून काही हलत नव्हतं. सही कुठं करायची तेवढं ती शोधत होती.

धवलला वाटलं, बाई अडखळतेय. त्यानं आपल्या परीनं धीर दिला. “बघा ना काकू, उद्यापासून पहाटे पाचला उठायलाच नको. कशासाठी उठणार?”

राजेश्वरीचा हात थांबला.

कशासाठी उठणार? हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता, कारण रोज पाचला विचारायला वेळच नसायचा. तिला हौशीरामच्या घरची मागली खोली दिसली. खिडकी गोठ्याकडं. सकाळचे पाच. कुणाला गरम पाणी नको, कुणाला चटणी नको. ती डोळे उघडून पडलेली. मग सहा. मग सात. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाची तरी भीती वाटली.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि धवलसमोर ठेवलं. “न्हाई द्यायाचं.”

“काकू, कमी वाटतंय का? बोलू आपण.”

“तुमी लय द्याल. पन न्हाई द्यायाचं.”

“आगं पन गाव काय म्हनंल?” हौशीराम उसळला. “एकटी बाई तू!”

“भाऊजी, एकटी मी तुमच्या मागल्या खोलीत हुईन. हितं उद्या आठ मानसं हायेत न्याहारीला.”

याला रीत काय म्हणते ते हौशीरामला आठवेना. धवलनं कागद गोळा केले, पेन खिशाला लावलं आणि गाडीकडं गेला. हौशीराम मात्र ओसरीवर बसला. बसला तो बसला, वर चहाही प्यायला.

“उद्याच्या उसळीला मटकी भिजत घातली का?” त्यानं शेवटी विचारलं.

“घालायची हाय.”

ती आत गेली. डब्यातून मटकी काढली, ताटात पसरली आणि खडे निवडायला बसली. बरं वाटत होतं असं नाही. आठ माणसांना किती लागेल, याचा तिनं अंदाज घेतला आणि आणखी एक मूठ टाकली.