म्हशीचं फोल्डर

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही, तेव्हा मी केजला एका सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचे. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध कॅनमधून यायचं, त्याचं फॅट आणि लिटर भरायचं, एवढंच माझं काम. एरवी दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत नसायची. त्या उन्हाळ्यात मात्र सकाळचं दूध बघता बघता संपायचं. बरीच जनावरं चारा छावणीत गेली होती, उरलेली बाजारात. सोसायटीची माणसं असतील ते कॅन उतरवायची, पंख्याखाली जरा टेकायची आणि निघून जायची. मग संध्याकाळच्या दुधापर्यंत त्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटी.

घरीही कोणी नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. नळाला पाणी येईना, टँकरमागं घागर घेऊन पळणं आईच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून भावानं तिला औरंगाबादला नेलं. जाताना ती म्हणाली, "पौर्णिमेला विहारात जात जा. चार माणसं भेटतील." मी गेले एक-दोनदा. माणसं भेटली, सगळ्यांनी लग्नाचं विचारलं. मग जाणं कमी झालं.

त्या रिकाम्या दुपारी मी गेम बनवायला लागले. जुना लॅपटॉप होता, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं, आणि सगळं शिकवणारे व्हिडिओ होते, ते हळूहळू उतरवून घ्यायचे. माझ्या गेममध्ये एक म्हैस होती. ती छावणीतून सुटते आणि आपल्या गावाकडं चालायला लागते. वाटेत कोरडी नदी, टँकर, कुत्री, बाभळी. म्हैस म्हणजे तेव्हा चार पायांचा एक काळा चौकोन होता, कारण मला चित्र काढता येत नाही.

फायली कशा ठेवायच्या हे कोणी शिकवलं नव्हतं. सगळं डेस्कटॉपवरच पडलेलं असायचं. 'न्यू', 'न्यू न्यू', 'फायनल', 'फायनल खरं', 'सोमवार'. सोमवार कुठला, हे मलाच सांगता आलं नसतं.

एकदा संघाच्या सभेचा बॅनर करायला घाटनांदूरचे एक फोटोस्टुडिओवाले आले. चाळिशीचे, हळू बोलणारे. लग्नाचे अल्बम आणि बॅनर, असा त्यांचा धंदा. सोसायट्यांची नावं घ्यायला ते माझ्या टेबलाशी आले, आणि माझा चौकोन पडद्यावर उघडाच होता.

"हे काय हाय ताई?"

"म्हैस," मी म्हणाले. लपवायला वेळच मिळाला नाही.

ते हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी बाणाचं बटण दाबून बघितलं. चौकोन बाभळीपर्यंत गेला आणि अडकला.

"चालती तर," ते म्हणाले. "चित्र मी काढून देऊ का? सध्या लग्नं बी कमीच हायत."

असं आमचं सुरू झालं. इंटरनेटवर चित्रांच्या फायली जाईनात, म्हणून पेनड्राइव्ह घाटनांदूरहून अंबाजोगाईमार्गे येणाऱ्या जीपनं यायचा. ड्रायव्हर केंद्राच्या दारात हॉर्न वाजवायचा, मी बाहेर जायचे, तो खिशातून काढून द्यायचा. दोन-तीन दिवसांनी तोच पेनड्राइव्ह मी परत पाठवायचे. त्या ड्रायव्हरला वाटायचं, आत लग्नाचे फोटो आहेत. एकदा त्यानं विचारलंही, "किती लग्नं हायत बे केजमधी?" मग बाईमाणसाला 'बे' म्हटलं हे ध्यानात येऊन ओशाळला.

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. मी गेम चालू केला तर म्हशीच्या जागी गुलाबी डबा. सॉफ्टवेअरला फायलींची नावं इंग्रजी अक्षरांतच लागायची. 'म्हैस' लिहिताना मी ए-आय लिहायचे, ते नुसता ई. त्यामुळं गेमला म्हैस सापडतच नव्हती. मी फोन केला.

"मग ठरवून टाकू," ते म्हणाले. "तुमचंच स्पेलिंग घ्या. पण फोल्डर माझ्या पद्धतीनं लावायची. चालंल?"

त्यांची पद्धत अल्बमच्या धंद्यातली होती. हळद वेगळी, लग्न वेगळं, वरात वेगळी. तसं चित्रं वेगळी, आवाज वेगळे, म्हशीच्या वाटेतली गावं वेगळी. प्रत्येक फोल्डरमध्ये 'जुनं' नावाचं आणखी एक फोल्डर. काहीही पुसायचं नाही, जुन्यात टाकायचं. "नवरीकडचे लोक सहा महिन्यांनी येऊन म्हणत्यात, तो पहिला फोटोच बरा होता," त्यांनी सांगितलं. 'फायनल' हा शब्द त्यांनी बंदच करून टाकला. नुसते आकडे लिहायचे. आणि एक साधी फाईल ठेवायची, 'काय बदललं' या नावाची. ज्यानं काम केलं त्यानं दोन ओळी लिहायच्या.

मी त्या फाईलची वाट बघायला लागले. पेनड्राइव्ह लावला की चित्रांआधी तीच उघडायचे. 'शेपटी हलती आता. कान राहिले.' 'टँकरला गंज लावलाय, बघा जास्त झालाय का.' 'आज स्टुडिओत कुणीच आलं न्हाई, म्हणून बाभळीच्या चार जाती काढल्या.' मीही लिहायचे. आधी फक्त कामाचं, नंतर थोडं इकडचं: दूध किती कमी झालं, आईचा फोन आला. ते फोल्डर उघडलं की आपण नसताना कोणीतरी येऊन, बसून, काम करून गेलंय असं वाटायचं. माझ्या घरात तेव्हा तसं होत नव्हतं. मी भांडं जिथं ठेवून जायचे तिथंच ते संध्याकाळी असायचं.

एका खेपेला पेनड्राइव्ह आलाच नाही. त्यांनी पाठवला होता, ड्रायव्हर म्हणाला दिला. चार दिवस आम्ही तिघं एकमेकांना फोन करत होतो. शेवटी तो त्याच्या शर्टाच्या खिशातच सापडला. "धुतला असता तर गेलाच असता," ड्रायव्हर म्हणाला, "पण पाणी कुठं हाय शर्ट धुवायला?" त्यानंतर नियम झाला: समोरच्यानं फोन करून 'मिळालं' म्हटल्याशिवाय आपल्याकडची प्रत हलवायची नाही.

म्हशीची चाल मात्र जमेना. ती घोड्यासारखी चालायची. मग एका रविवारी आम्ही अंबाजोगाईच्या रस्त्यावरच्या छावणीत गेलो. ते मोटारसायकलवर आले, मी जीपनं. गोणपाटाची चवाळी बांधलेल्या सावल्यांखाली जनावरं रांगेनं उभी होती, त्यांच्या पायाशी माणसं झोपलेली. ते कॅमेरा घेऊन एका म्हशीच्या मागं-पुढं फिरायला लागले. मी मोबाईलवर तिचं रवंथ करणं रेकॉर्ड करत होते. तिची मालकीण, एक वयस्कर बाई, बाजेवरून बघत होती.

"कावून बघायलात वो म्हशीकडं? घ्यायची हाय का?"

"न्हाई मावशी. तिचं चालणं बघायलोत."

"चालती कुठं ती? बांधून हाय महिना झाला."

मग त्याच बाईनं दावं सोडलं आणि म्हशीला रस्त्यापर्यंत नेऊन आणलं. म्हैस आधी जागची हलेना, मग मान खाली घालून, अंग दोन्हीकडं झुलवत चालली. परत खुंट्यापाशी येताना ती मान फिरवून मोठ्यानं रेकली. तो आवाज माझ्याकडं आहे. नंतर आम्ही रस्त्यावरच्या टपरीत बिनदुधाचा चहा घेतला, आणि जीप आली तशी मी निघाले.

त्यानंतर म्हैस खरोखरची चालायला लागली. ते महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते, हे मला तेव्हा कळत होतं.

तोही पावसाळा कोरडाच गेला, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांचा फोन आला. स्टुडिओ बंद करतोय म्हणाले. पुण्यात अल्बम छापणाऱ्या एका ठिकाणी काम मिळालं होतं. "घरचे सगळे संगंच चाललोत. बस केजवरूनच जाती. स्टँडवर येता का?"

मी गेले. बस थांबल्यावर ते उतरले. अंगात नवा स्वेटर होता. त्यांनी एक छोटी हार्डडिस्क माझ्या हातात दिली, रुमालात गुंडाळलेली.

"सगळं लावून दिलंय. गावं राहिलीत दोन. जमंल तसं मी धाडीन तिकडून."

"सावकाश करा," मी म्हणाले.

खिडकीत त्यांची बायको बसली होती, मांडीवर मुलगी झोपलेली. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "तुमीच का म्हशीवाल्या ताई? लई दिवस राहिली बघा तुमची म्हैस आमच्या घरात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कंडक्टरनं घंटी मारली. ते चढले, दारातून त्यांनी हात केला. मी स्टँडवरून सरळ केंद्रावर गेले, संध्याकाळचं दूध यायचं होतं.

पुण्याहून सुरुवातीला फोन यायचे. तिथं दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचे अल्बम लावायचे, घरी कॉम्प्युटर नाही, असं ते सांगायचे. चित्रं आली नाहीत. मी मागितलीही नाहीत. मग संक्रांतीला, मग पाडव्याला, असे फोन विरळ होत गेले. शेवटी तो नंबर लागेनासा झाला.

राहिलेली दोन गावं मी त्यांच्याच जुन्या चित्रांतून जोडून केली. 'जुनं' फोल्डर त्या वेळी उपयोगाला आलं. टाकून दिलेली घरं, नापसंत झाडं, सगळं तिथं होतं. काम झालं की 'काय बदललं'मध्ये मी दोन ओळी लिहायचे. वाचणारं कोणी नव्हतं, तरी लिहायचे. पुढच्या पावसाळ्यात गेम पुरा झाला. फुकट गेम ठेवायच्या एका साइटवर मी तो टाकला, चित्रकार म्हणून त्यांचं नाव घातलं. थोड्याच लोकांनी खेळला. एकानं लिहिलं की म्हैस फार हळू चालते.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. दूध वाढलं, दुपारी कामात जायला लागल्या. आई परत आली. ती माझ्या शेजारी बसून पडद्याकडं बघायची आणि विचारायची, "ह्याच्यात काय करायलीस एवढं?" मी दाखवायचे. तिला बाभळी ओळखू यायच्या.

दुसरा गेम मी चालू केलाय, त्यालाही आता बरेच दिवस झाले. विहिरीचा आहे. मध्ये इंटरनेटवरून ओळख झालेला एक कॉलेजचा मुलगा चित्रं देतो म्हणाला होता. त्यानं सगळं एकाच फोल्डरमध्ये भरून पाठवलं, वर 'फायनल' लिहून. मी त्याला स्पेलिंग आणि आकडे समजावले. त्यानं 'ओके' लिहिलं, आणि परत काही पाठवलं नाही. तेव्हापासून एकटीच करते. विहीर जमलीय बऱ्यापैकी, नुसता रहाट फिरताना अडखळतो.