जुमरानचा विमानतळ: जाताना आणि येताना

जर्मनीला जायचं कंपनीनं ठरवलं. जुमरानवरून जायचं, हे मी ठरवलं.

शहाऐंशी सालची गोष्ट. महाप्याच्या एका केमिकल कारखान्यात मी गेज आणि मीटर दुरुस्त करायचो. नवं मशीन येणार होतं, ते शिकायला कुणाला तरी महिना-दीड महिना तिकडे पाठवायचं होतं. माझ्या साहेबांना विमानाची भीती वाटायची, म्हणून माझं नशीब उघडलं. तिकीट काढणाऱ्या कारकुनाला मी आखातातल्या जुमरानमार्गे तिकीट मागितलं तेव्हा तो वैतागला. "अरे, तिकडे अर्धा दिवस नुसतं बसावं लागेल. सरळ जा ना, कशाला टेन्शन घेतो?" मी म्हटलं, बसतो. तिकीट स्वस्त पडत होतं, त्यामुळे कंपनीनंही जास्त चौकशी केली नाही.

या ब्लॉगवर दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, "काका, जुमरानला मोठा ट्रान्झिट आहे, वेळ कसा घालवावा?" आता तिथे म्हणे फुलपाखरांची बाग आहे, झोपायला खोल्या आहेत, फुकट सिनेमा आहे. चांगलं आहे. मी तिथे एकाच सफरीत दोनदा उतरलो आणि विमानतळाबाहेर पाऊलही टाकलं नाही. इतकी वर्षं या प्रश्नाला मी उत्तर देत नव्हतो. आता देतो.

आमचं गाव बेलापूरजवळ, खाडीला लागून. माझा थोरला भाऊ हिराजी, आमचा हिरूदादा, मिठागरात कामाला होता. नव्या शहरासाठी जमिनी जायला लागल्या, मिठागरही बंद पडणार असं लोक बोलू लागले, तेव्हा तो एका लाँचमधून समुद्रापलीकडे गेला. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. तेव्हा असे जाणारे पुष्कळ होते. पलीकडचा किनारा दिसला की लाँचवाला माणसांना कमरेइतक्या पाण्यात उतरवायचा, पुढे ज्याचं त्यानं बघायचं. दादाची मुलगी तेव्हा पाळण्यात होती. त्यानंतर बारा वर्षं दादाचा निरोप नाही, खबर नाही.

बारा वर्षं झाली की आमच्याकडे आशा सोडतात. बेपत्ता माणसाचा गवताचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात, आणि त्या दिवसापासून त्याची बायको विधवा होते. वडलांच्या मागे घरातले कर्ते म्हणजे कमळूकाका. त्यांनी हे उरकून टाकायचं ठरवलं होतं. त्यांचंही चुकत नव्हतं. मुलगी मोठी होत होती, बाप आहे की नाही हे कधीतरी सांगायला हवं होतं. पण त्याच सुमारास शेजारच्या गावचा एक खलाशी सुट्टीवर आला आणि म्हणाला, जुमरानच्या विमानतळावर लादी पुसणारा एक माणूस अगदी हिरूसारखा दिसला. हाक मारली तर वळला नाही, म्हणून तो पुढे निघून गेला.

बुडत्याला काडीचा आधार. मी काकांना म्हटलं, मी परत येईपर्यंत थांबा.

"जा, बगून ये," काका म्हणाले. "पन नाय दिसला तं मंग मना आडवू नको."

मला पोचवायला टेम्पो भरून माणसं आली. त्या काळी परदेशी जाणारा एक आणि निरोप देणारे पंचवीस हा हिशोब ठरलेलाच असायचा. वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर करत आम्ही सहारच्या विमानतळावर पोचलो तेव्हा माझ्या गळ्यात दोन हार होते आणि दारावरचा पोलीस गालात हसत होता. जाणाऱ्यांसाठी एक सल्ला: हार दारातच काढून द्या, आत नेले तर प्रत्येक माणूस तुम्हाला नवरदेव समजून बघतो.

दादाची बायको, यमुनावैनी, सगळ्यांच्या मागे उभी होती. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, ती आपली आपणच टेम्पोत चढली होती. सगळे पांगल्यावर तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेला पुडा दिला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी.

"भावजी, दिसला तं त्याला द्या. नाय दिसला तं तुमीच खावा."

मी मान हलवली.

"मना बाकी काय नको," ती म्हणाली. "जित्ता हाय का मेला, तेवरा सांगा. कुंकू ठेवायचा का पुसायचा, ते मी बगीन."

विमान पहिलंच. खिडकीतून बघायचं सोडून मी त्या पुड्याचा वास लपवत बसलो होतो. शेजारच्या सुटातल्या गृहस्थांनी दोनदा बुटांचे तळ तपासले.

जुमरानला सकाळी उतरलो. खरं सांगायचं तर डोळे दिपले. आमच्या बेलापूरला तेव्हा डोंगर फोडून रस्ते चालले होते, घरातल्या हंड्यावर रोज धुळीचा थर बसायचा. इथे धुळीचा कण नाही. हिरवट संगमरवर, मधोमध कारंजं, प्लॅस्टिकची खजुराची झाडं, सोन्याची दुकानं, आणि थंडी इतकी की हातावर काटा. वरच्या मजल्यावर काचेची गॅलरी होती आणि तिथून दोन-तीन माणसं खाली नजर ठेवून असायची. एका कॉफीच्या पैशात गावात आठवडाभराची मासळी आली असती. मी नळाचं पाणी प्यालो. ते फुकट होतं आणि गोड होतं.

मग मी शोधायला लागलो. निळ्या कपड्यातले लादी पुसणारे ठिकठिकाणी होते. एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरलो. बारा वर्षांपूर्वीचा चेहरा मनात धरून शोधत होतो, तो कुठे सापडणार? शेवटी दमून एका बाकावर बसलो. तेव्हा लांब, कारंज्यापलीकडे, एक माणूस पाणी ओढताना दिसला. बाकीचे सगळे फरशीचं पाणी पुढे ढकलायचे. हा एकटा मागे मागे चालत, दांडा स्वतःकडे ओढत येत होता. आमच्या मिठागरात फळीनं मीठ असंच ओढतात, बांधाच्या दिशेनं, उलटं चालत. 

मी उठलो नाही. तो पाणी ओढत ओढत माझ्या बाकापर्यंत आला. केस पिकलेले, गाल आत गेलेले. छातीवर बिल्ला होता आणि त्यावर इंग्रजीत नाव होतं: फ्रान्सिस.

"दादा," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. "साब, पैर उठाओ," मोठ्यानं म्हणाला. मी पाय उचलले. मग खालच्या आवाजात, दांडा न थांबवता, तो म्हणाला, "वर बगू नको, बाल्या. पेपर धर तोंडापुरं."

मला घरात बाळ्या म्हणत, आणि ते नाव त्या इमारतीत दुसऱ्या कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. बाकावर कुणाचातरी पेपर पडला होता, तो मी उचलून धरला. तो उलटा होता हे नंतर कळलं.

तो बाकाभोवतीची जागा पुसत राहिला आणि आम्ही बोललो. गॅलरीतल्या माणसाची पाठ वळली की दोन वाक्यं, पुन्हा गप्प.

"आय?"

"गेली. चार वर्षं झाली."

त्यानं तीच फरशी तीनदा पुसली.

"यमुना?"

"हाय. पोरगी हुशार हाय, शालेत जाते."

"माजी शाला चुकली, तिची नको चुकू दे," तो म्हणाला आणि बादली उचलून पुढच्या बाकाकडे गेला. मीही थोड्या वेळानं तिकडे जाऊन बसलो. असं आमचं चाललं होतं. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, या प्रवाशाला कुठला बाकच पसंत पडत नाही.

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. लाँचमधून उतरलेल्या माणसाची कुठे नोंद नसते. आधी बोटींवर, मग बांधकामावर त्यानं काम केलं. हाच विमानतळ बांधताना त्यानं सिमेंट वाहिलं होतं. पुढे कंत्राटदाराकडचा फ्रान्सिस नावाचा माणूस मेला, आणि त्याचं ओळखपत्र कंत्राटदारानं दादाच्या छातीवर लावलं. तेव्हापासून तो फ्रान्सिस होता. खलाशानं हिरू म्हणून हाक मारली तेव्हा त्याला ऐकू आलं होतं, पण वळला असता तर नोकरी गेली असती आणि वर तुरुंग. घरी कळवायचं तर कुणाच्या हातून, कुठल्या नावानं? हिराजी नावाचा माणूस या देशात आलेलाच नव्हता.

"ते दार बगलास?" त्यानं हनुवटीनं दाखवलं. "मुंबयचा विमान तिथनं जातं. त्याच्या पयले ते दार मी पुसतो. रोज."

मी त्याला पुतळ्याचं सांगितलं. सांगणं भाग होतं. काकांनी ठरवलंय, तुला जाळणार आहेत, वैनीचं कुंकू पुसणार आहेत.

तो हसला. इतक्या वर्षांनी तेवढंच त्याचं ओळखीचं होतं, ते हसू. "जालू दे. हितं तरी हिरू कोन हाय?"

मला राग आला. त्या थंडगार, चकचकीत जागेत मला रडूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, तू स्वतःहून हजर हो. आपल्या सरकारची कचेरी इथे शहरात आहे. जा, खरं नाव सांग. थोडे दिवस तुरुंगात घालतील, पण मग घरी पाठवतील.

"थोडे म्हंजे किती?"

ते मला माहीत नव्हतं.  मग त्यानं विचारलं, "येताना हाच रस्ता ना तुजा?" मी हो म्हटलं. "तवर इचार करतो," तो म्हणाला. मी वैनीचा पुडा बाकावर ठेवला आणि उठलो. त्यानं तो उचलून नाकाशी धरला, क्षणभरच, आणि सफाईच्या ढकलगाडीवरच्या चिंध्यांखाली दडवला. त्यानंतर गॅलरीतला माणूस खाली उतरताना दिसला आणि दादा लांब निघून गेला.

जर्मनीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझं तिथे लक्ष नव्हतं. मशीन शिकलो. बर्फ पाहिलं, बटाटे खाल्ले. रोज झोपताना मनात जुळवाजुळव चालायची: दादाला काय सांगायचं, कचेरीचा पत्ता कुठून मिळवायचा, काकांना कसं पटवायचं. गावाकडे तार करावी असं फार वाटलं. पण तारेत लिहिणार काय? तो आहे, पण हिराजी म्हणून नाही, हे तारेत बसत नाही. येताना त्याचा होकार घेऊनच सांगू, असं ठरवलं.

परतीच्या वेळी जुमरानला दुपारी उतरलो आणि थेट कारंज्याकडे गेलो. तिथे एक निळ्या कपड्यातला माणूस पाणी पुसत होता. तो पुढे ढकलत होता. लांबूनच कळलं की हा दादा नव्हे. तरी बाकावर बसलो, तो जवळ येईपर्यंत थांबलो. पंचविशीतला असेल. छातीवर तोच बिल्ला: फ्रान्सिस.

"फ्रान्सिस किधर है?" मी विचारलं.

"मैं ही फ्रान्सिस है, साब."

"पहले वाला. बूढ़ा जैसा, सफेद बाल."

त्यानं एकदा काचेच्या गॅलरीकडे पाहिलं. मग नजर खाली घातली. "साब, पैर उठाओ," तो म्हणाला.

मी पाय उचलले. मग चौकशीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी फोन लावून विचारलं आणि हसून सांगितलं की फ्रान्सिस कामावर आहे, कारंज्याजवळ. काही तक्रार आहे का? आता यावर काय बोलणार. जो हरवला म्हणायचा तो कागदावर हजर होता, आणि जो खरंच हरवला तो कागदावर कधी आलाच नव्हता. तो स्वतःहून पोलिसांकडे गेला, की पकडला गेला, की माझ्याशी बोलताना कुणी पाहिलं म्हणून त्याला हाकललं, की आजारी पडून मेला, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मुंबईच्या विमानासाठी त्या दारातून आत जाताना मी खाली बघितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ओटीवर काका बसले होते आणि वैनी दाराला टेकून उभी होती. मी काही लपवलं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हंजे हाय का नाय?" काकांनी विचारलं.

"जाताना होता. येताना नव्हता."

 काका हळूच म्हणाले, "पोरा, आता करून टाकू. किती तलमलेल तो?"

वैनीनं मला विचारलं, "पुडा घेतलान?"

"घेतला."

"वास घेतलान?"

"घेतला."

"मंग नाय करायचा," ती काकांना म्हणाली. मोठ्या माणसांसमोर तिला आवाज चढवताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मी नाय जालू देनार."

ते तिथेच थांबलं. मी सरकारी कचेऱ्यांना पत्रं लिहीत राहिलो. दर वेळी उत्तर एकच यायचं, अशा नावाचा माणूस त्या देशात गेल्याचं कुठे दिसत नाही. दादाच्या मुलीचं कन्यादान काकांनी केलं. पुढे काका गेले. गावाभोवती सेक्टर उठले, मिठागरावर इमारती आल्या, मी नेरूळला फ्लॅट घेतला. नंतर बरेच देश पाहिले. जुमरानवरून जाणारं विमान मात्र पुन्हा कधी घेतलं नाही, तिप्पट पैसे पडले तरी. कधी कधी वाटतं, वैनीला मी अर्धीच बातमी आणून दिली. पूर्ण वाईट असती तर ती रडून मोकळी झाली असती. अर्ध्या बातमीवर तिनं सगळं आयुष्य काढलं.

दोन वर्षांपूर्वी वैनी गेली. घर माणसांनी भरलं, आणि आतल्या बायका अडल्या. सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? हिरवी नेसवायची की पांढरी? दादा असता तर ऐंशीच्या घरात असता. आपसात कुजबूज झाली, मग दादाची मुलगी बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, कारण घरात आता मीच मोठा आणि त्याला शेवटचा पाहणाराही मीच.

"काका, काय करू?"

मी म्हटलं, हिरवी नेसवा. कुणी वाद घातला नाही. बायकांनी तिला हिरवी नेसवली, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं, आणि हिरूदादा जिवंत आहे असं धरून आम्ही तिला उचललं.