बरग्यांचं पाणी

कृष्णात भित्रा गडी नव्हता हो. पण त्या जुलैत कचेरीच्या खिडकीतून पाऊस बघताना तो पुरता घाबरला.

अठ्ठ्याऐंशी साल. कोल्हापुरातल्या त्या कचेरीत कॉम्प्युटर नवाच आलेला. उपग्रहाचा फोटो वाकडातिकडा येतो, चढावरची घरं भलतीकडंच दिसतात. जमिनीच्या उंचीचे आकडे दिले, की यंत्र आपलं आपण फोटो सरकवून जागेवर बसवतं. मग त्यावर पुराची रेघ मारायची. हे काम कृष्णातचं. त्याच्या नकाशात कागलकडची नदीकाठची वस्ती रेघेच्या चांगली वर निघाली. तिथं त्याची धाकटी बहीण तानाबाई राहायची. वस्ती शाळेत हलायच्या तयारीत होती, तर यानंच छाती ठोकून सांगितलं, "काय हलायचं न्हाय. मशीन सांगतंय."

आणि आज चहा देता देता शिपाई केरबा बोलून गेला, "औंदा बंधाऱ्याचं बरगं काढायला उशीरच झाला की."

बरगे! कृष्णातनं कप बाजूला सारून फोटोवरची तारीख बघितली. फोटो जानेवारीतला. तेव्हा बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरग्यांच्या फळ्या घातलेल्या, पाणी अडून एका अंगाच्या सखल रानात पसरलेलं. यंत्राला काय कळतंय, कप्पाळ! त्यानं त्या फुगलेल्या पाण्यालाच नदी धरलं, उंचीच्या आकड्यांशी जुळवलं आणि अख्खा फोटो बाजूला सरकवला. वस्ती कागदावर टेकाड चढली. खरी वस्ती खालीच होती.

तो तसाच निघाला. कागलच्या एस.टी.त त्याला बसवेना. भरलेला ओढा दिसला, की तो उठून दारापाशी जायचा. तानीची पोरं डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

वस्तीत पोचला, तर पाणी मागच्या रानात शिरलेलं आणि तानाबाई निवांत भाकरी थापत बसलेली.

"तानी, ऊठ! पोरं घे!"

"आता गं बया! दादा, तूच सांगितलंस न्हवं, पाणी येणार न्हाय म्हणून?" ती हसली. दारात जमलेली माणसंही हसली. "माझ्या दादाचा नकाशा हाय त्यो!"

"नकाशा चुकलाय. माझाच चुकलाय."

"पावसात भिजून आलंय लेकरू, च्या दे त्याला," शेजारची म्हातारी झुंबरबाई म्हणाली.

 कृष्णात चुलीपुढं फतकल मारून बसला. "मग मीबी हितंच बसतो. तुमास्नी टाकून मी न्हाय जात."

तानाबाईनं वळून बघितलं. भावाची हनुवटी थरथरताना तिनं जन्मात बघितली नव्हती. हातातली भाकरी तशीच परातीत टाकून तिनं धाकट्या पोराला काखोटीला मारलं आणि दारात जाऊन ओरडली, "उठा रं सगळी! माझा दादा भ्यालाय!"