माठावरची गोपनीय फाईल

समस्त जनतेस कळविण्यात येते की, सरकारी फाईल जनतेने पाहायची नसते! पन्नासच्या दशकात वर्ध्याकडच्या एका कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा हे थाटात ऐकवत असे. आंजी गावची एक विधवा दर बाजाराच्या दिवशी येई, दाराशी वहाणा काढून पदराला हात पुसी आणि विहिरीच्या अर्जाचं काय झालं, ते विचारी. त्या अर्जासाठीच तिचा नवरा सही करायला शिकला होता. अर्जाची गोपनीय फाईल आमच्या माठावर झाकण म्हणून होती. मी फाईल उचलून तिला पाणी देई आणि माठ पुन्हा झाकी. आजही माठ उघडताना माझा हात थबकतो. शेवटच्या खेपेला ती बोलून गेली,

“साहेब, विहिरीचं राहू द्या. त्यांची सही तेवढी दाखवा, घरी त्यांच्या हातचं काईच नाई.”